मशीनचे वार

अँकरेज, १२ जुलै

नास्तासिया,

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. चौथ्यांदा तुझ्या नवऱ्याने उचलला. एव्हॉन म्हणाला, "ती बाहेर गेलीय." तू मागे उभी राहून त्याला काय सांगायचं ते सांगत होतीस, मला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणून आता पत्र लिहिते. फाडून चुलीत घातलंस तरी पाकिटावरचं अक्षर तरी आधी बघशील.

मी लेकीकडे, डार्लीनकडे आहे. तिची नोकरी पाळीची, तिची टेसा अजून लहान, घरात मोठं माणूस हवं म्हणून आले. आई गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला थांबले नाही हे खरं. सात दिवस उरले होते. पण कामच तसं निघालं. थोरली मी आहे. कधी थांबायचं आणि कधी निघायचं हे मला कुणी शिकवायला नको.

यंदा सरकारने नदीत जाळं टाकायला किती तास दिले? इथे रेडिओवर आपल्या नदीचं नावही घेत नाहीत. माझ्या वाळवणाच्या मांडवावर कोण मासे टांगतंय? एव्हॉनच्या बहिणीला देऊ नकोस, ती जाड कापते, आतून आंबतात.

डार्लीनच्या ओळखीच्या कुणीतरी आठ सॅल्मन दिले. मी ते बसून कापले, बाल्कनीत दोरी बांधली आणि टांगले. दुसऱ्या दिवशी इमारतीची मॅनेजर बाई दारात.

"हे काय आहे?"

"मासे."

"ते दिसतंय मला. इथे कशाला आहेत?"

"वाळताहेत."

"बाल्कनीत काही टांगायचं नाही. करारात लिहिलंय."

"खालच्या बाईने घंटा टांगल्यात. दिवसभर वाजतात."

"त्या शोभेच्या आहेत."

"हेसुद्धा," मी म्हटलं.

ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत उतरवा म्हणाली. डार्लीन मलाच बोलली, "आई, मला हे घर मिळायला दोन वर्षं लागलीत." मग ओव्हनमध्ये वाळवायला ठेवले. निम्मे शिजले, निम्मे खराब झाले. आठ मासे, नास्तासिया. आईने मला घराबाहेर काढलं असतं.

गाडीतळावर परवा रुंद शिंगांचा मूस येऊन उभा राहिला. सगळ्या हिवाळ्याचं मांस दारात उभं आणि लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढताहेत. मी खिडकीत बसून नुसती बघत होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मला बाहेर काम असतं. त्या दिवशी फोन करू नकोस. बाकीच्या दिवशी कर.

अगाफिया


अँकरेज, २० सप्टेंबर

नास्तासिया,

तुझी पेटी मिळाली. विमानतळावर डार्लीन गेली होती. मी प्रत्येक मासा उलगडून बघितला, वर्तमानपत्राचा कागदन्‌कागद उलटापालटा केला. चिठ्ठी नव्हती. तेलाच्या बाटलीभोवती कापड होतं, ते झटकून बघितलं. त्यातही नव्हती.

मासे उत्तम झालेत. धूर बरोबर लागलाय. हे मी वासावरून सांगते, कारण मला ते खाता येत नाहीत.

आता लिहावंच लागेल. मी डार्लीनच्या मदतीला आलेले नाही. उलट तीच माझं सगळं करते. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आईसारख्याच. एप्रिलमध्ये पाय सुजले म्हणून बेथेलच्या इस्पितळात दाखवायला गेले, तेव्हा आईला बघणारा तोच डॉक्टर होता. त्याने रक्त तपासलं आणि म्हणाला, "आजच्याच विमानाने अँकरेजला जायचं." मी म्हटलं, "घरी आईचं चाळिसाव्याचं जेवण आहे." तो म्हणाला, "तुम्ही गेला नाहीत तर तुमचंही करावं लागेल." हा काय बोलण्याचा प्रकार झाला? पण मी विमानात बसले. तुला विमानतळावरून फोन केला आणि डार्लीनचं निमित्त सांगितलं.

तेव्हापासून आठवड्यातून तीन वार मशीन. व्हॅन न्यायला येते, चार तास खुर्चीत बसवतात, रक्त बाहेर काढून धुतात, परत घालतात. घरी आले की भिंत धरून चालावं लागतं. गळ्याखाली नळी बसवलीय. ती भिजवायची नाही, म्हणून वाफेची आंघोळ बंद. पाच महिने झाले, अंगातून एकदाही नीट घाम निघाला नाही. आहाराची बाई यादी घेऊन येते. सुका मासा नको, मीठ नको, बेरी मोजून, पाणी मोजून. मी तिला विचारलं, "मग मी खायचं काय?" तिने पांढऱ्या भाताचा फोटो दाखवला.

माझ्या शेजारच्या खुर्चीत विल्बर नावाचा म्हातारा असतो. उत्तरेचा, बर्फाच्या समुद्रावरचा, त्याचे लोक देवमासा मारतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "तू नदीवाली ना? तुम्ही माशांची डोकी जमिनीत पुरून कुजवून खाता."

मी म्हटलं, "आणि तुम्ही देवमाशाची कातडी चघळता. जुना बूट चघळल्यासारखी."

"बूट चांगला असेल तर काय हरकत आहे?" तो म्हणाला.

इथे बोलायला तेवढाच एक माणूस आहे. शुक्रवारी मी तुझ्या पेटीतला एक तुकडा रुमालात बांधून नेला. मशीन झाल्यावर बाहेर व्हॅनची वाट बघताना आम्ही दोघांनी बोटाएवढा बोटाएवढा खाल्ला. त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "कोणी केलाय?" मी म्हटलं, "बहिणीने." तो म्हणाला, "चांगली बाई दिसते." मी म्हटलं, "बोलत नाही माझ्याशी." त्याने का म्हणून विचारलं नाही, हे बरं झालं.

हे मी तुझ्यापासून का लपवलं, ते विचारू नकोस. आता सांगितलं ना. आता तरी लिही.

अगाफिया


अँकरेज, १० जानेवारी

नास्तासिया,

आपला जानेवारीतला नाताळ झाला. तुमच्याकडे गाणारे तारा घेऊन किती दिवस घरोघर फिरले? नदीवरचा रस्ता गोठला होता का नीट, की दोन्ही गावांत जाता आलं नाही?

इथेसुद्धा तारा फिरतो. आपल्या नदीचे इतके लोक या शहरात राहतात की गायला तीन गावांचे आवाज जमतात. मी तीन दिवस आधीपासून डार्लीनच्या मागे लागले होते. मूसचं सूप, तळलेली पोळी, चरबीत फेटलेल्या बेरी, पोरांसाठी गोळ्या, मोजे, हातमोजे, सगळं तयार ठेवलं. मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणाले होते. मंगळवारी बर्फ पडलं, गाड्या अडकल्या, म्हणून बुधवारी सकाळी आले. बुधवारी, माझ्या मशीनच्या वारी.

दोन खोल्यांच्या घरात त्रेचाळीस माणसं. पाद्री दमलेले, तारा फिरवणाऱ्याचा कोपर छताच्या दिव्याला लागतोय, जिन्यापर्यंत बुटांचा ढीग. दुसरं गाणं सुरू होतंय तोवर मॅनेजर बाई आली. "इतकी माणसं एका घरात चालत नाहीत. आगीचा नियम आहे." डार्लीन हात जोडायच्या बेतात होती. तेवढ्यात गाणाऱ्यांतल्या एका थोराड बाईने तिला विचारलं, "घरात किती चालतात?" ती म्हणाली, "बारा." बाईने बारा मोजले आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला, जिन्यात." एकतीस माणसं जिन्यात उभी राहून आपल्या भाषेत गायला लागली. वरच्या मजल्यावरची सामोआची माणसं दारं उघडून खाली आली. पोरांनी तिलासुद्धा गोळ्या दिल्या.

आणि खाली व्हॅन भोंगा वाजवत होती. पहिल्यांदा मी तसंच बसून राहिले. दुसऱ्यांदा ड्रायव्हर वर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आज्जी, उशीर झाला तर तुमची खुर्ची दुसऱ्याला देतील." सूप चुलीवर, एकालाही माझ्या हातचं वाढलेलं नाही, आणि मी कोट घालून बुटांच्या ढिगातून माझे बूट शोधतेय. त्रेचाळीस जणांनी मला बघितलं. नास्तासिया, माझ्या घरी तारा आला होता आणि मी त्या व्हॅनमध्ये बसून चालले होते. चार तास छताकडे बघत पडले. विल्बरने एक विनोद केला, मी त्याच्यावर ओरडले.

मला इथून निघायचंय. नर्स सांगते की मार्ग आहे. दुसऱ्या तऱ्हेचं मशीन असतं, पोटात नळी बसवतात, रोज घरच्या घरी लावायचं. पाण्याच्या पिशव्या विमानाने गावात येतात. आपल्या नदीवरही दोघेतिघे करतात म्हणे. दोन गोष्टी हव्यात. एक, घरात स्वच्छ खोली आणि हात धुवायला चांगलं पाणी. दुसरी, एक मदतनीस. तिने दोन आठवडे इथे येऊन शिकायचं.

ती मदतनीस तू आहेस. फेब्रुवारीत ये. मी नर्सला तुझं नाव दिलंय.

अगाफिया


अँकरेज, ५ मार्च

नास्तासिया,

फेब्रुवारी गेला.

अर्ज परत आला. "घरी नळ आहे का?" या रकान्यात मी "नाही" लिहिलं होतं. नर्स चांगली आहे, पण इथेच जन्मलेली. तिने विचारलं, "मग पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, "नळघरातून भरून आणतो. उन्हाळ्यात ढकलगाडीवर, हिवाळ्यात घसरगाडीवर." तिने विचारलं, "रोज?" मी म्हटलं, "नाही, फक्त तहान लागते त्या दिवशी." तिला वाईट वाटलं. मग मलाच तिची समजूत घालावी लागली.

झाकणाची मोठी टाकी ठेवली, रोज ताजं पाणी भरलं आणि मदतनिसाने तशी सही केली, तर वरच्यांना विचारून बघेन म्हणाली. म्हणजे पुन्हा गाडं मदतनिसावर येऊन थांबलं. डार्लीन नोकरी सोडून गावात येणार नाही. आणि येऊ नये. दुसरं माझं कोण आहे?

रविवारी एव्हॉनचा फोन आला. बिचारा कुजबुजत बोलत होता, बहुतेक कोठारातून केला असावा. मी विचारलं, "ती माझी पत्रं वाचते का?"

"दोनदोनदा वाचते."

"मग काय म्हणते?"

"म्हणते, अगाफियाने अजून सांगितलेलं नाही."

"काय सांगितलेलं नाही?"

"ते मला माहीत नाही. मी विचारलं तर माझं जेवणाचं ताट उचलून आत गेली."

मी सगळं सांगितलंय. आजार सांगितला, मशीन सांगितलं, सगळ्यांसमोर कशी निघून गेले तेही सांगितलं. आणखी काय हवंय तुला? सोळा तारखेला आईला वर्ष होईल. मी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन. सोळा तारीख सोमवार आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी लावीन. इथे मेलेल्या माणसांनासुद्धा माझे वार बघून थांबावं लागतं.

अगाफिया


अँकरेज, २३ एप्रिल

नास्तासिया,

विल्बर गेला.

मार्च संपताना एका शुक्रवारी मला म्हणाला, "मी आता बंद करतोय." मला वाटलं सिगारेट. तो म्हणाला, "मशीन. घरी बोटी समुद्रावर निघताहेत. मला त्या बघायच्या आहेत." डॉक्टरने त्याला खुर्चीजवळ बसून तीनदा विचारलं. कळतंय का, काय होईल ते. किती दिवस उरतील ते. घरच्यांशी बोललात का. त्याने तीनदा उत्तर दिलं. मग सही केली. तो गेला, अकरा दिवस जगला, बोटी बघितल्या. त्याच्या मुलीने फोनवर नर्सला हे सांगितलं आणि नर्सने मला सांगितलं.

मला त्याच्या जाण्याचा त्रास झाला, पण त्याहून जास्त त्या तीन वेळा विचारण्याचा झाला. मी खुर्चीत बांधलेली, हलता येईना, ऐकत राहावं लागलं. तू कशाची वाट बघतेस ते मला मार्चमध्येच कळलं होतं. कळलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत बेथेलचे डॉक्टर गावात आले होते. तू बाहेर घसरगाडीचं इंजिन तापवत होतीस. दवाखान्यात काम करणारी ओलिंका औषधांची पेटी आणायला धावपट्टीवर गेली होती. दवाखान्यात आई, डॉक्टर आणि मी, तिघंच. आईला इंग्रजी येत नव्हतं, डॉक्टरांना आपली भाषा येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "त्यांना विचारा, अँकरेजला येऊन मशीन लावायला तयार आहेत का." मी विचारलं. अगदी बरोबर विचारलं, एक शब्द गाळला नाही.

आईने डोक्याच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "नास्तासिया येईल का माझ्याबरोबर? ती आली तर जाईन."

मी डॉक्टरांना सांगितलं, "ती म्हणते, घर सोडणार नाही."

आणि आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, या वयात उपयोग व्हायचा नाही."

दोन वाक्यं. त्यांनी लिहून घेतलं. आईने मान हलवली आणि बुटांची नाडी बांधायला लागली. मी वाकून बांधून दिली.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की शहरात ती भिंतींकडे बघत मेली असती, म्हणून मी तसं केलं. ते थोडं खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात ते नव्हतं. मनात हे होतं, की थोरली मी. बेथेलच्या सगळ्या खेपा मी केल्या, भाषा सांगायला मी, औषधं मोजायला मी, आणि तिने नाव तुझं घेतलं. माझं घेतलं असतं तर मी गेले असते. असं वाटतं. तेही नक्की माहीत नाही.

आणि तीन महिन्यांनी तोच डॉक्टर मला विमानात बस म्हणाला, तर मी बसले. कुणाची सोबत मागितली नाही, अडखळले नाही, घरी येऊन तुझं तोंड बघितलं नाही. आईला जे मिळू दिलं नाही ते स्वतः घेतलं. आठवड्यातून तीन वेळा घेते.

मदतनिसाच्या अर्जावरून तुझं नाव काढायला सांगितलंय. हे पत्र त्यासाठी नाही.

अगाफिया


गावाहून, ६ मे

ताई,

तुझ्या किडन्या गेल्या हे मला तू विमानात बसलीस त्याच आठवड्यात कळलं. ओलिंका दवाखान्यात आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. त्याचा राग नव्हता. मासे पाठवले ना मी.

दुसरंही माहीत होतं. आईनेच सांगितलं. मी तिचे केस विंचरत होते. म्हणाली, "मी जायला तयार होते, पण डॉक्टर नको म्हणाले. अगाफियाने विचारलं होतं." मी म्हटलं, "डॉक्टर असं म्हणाले?" ती म्हणाली, "अगाफिया तसं म्हणाली." मग माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा फेब्रुवारीची वीस तारीख होती. ती गेली सोळा मार्चला.

मध्ये चोवीस दिवस होते. बेथेलचा नंबर दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला आहे. रोज त्याच्यासमोरून पाणी आणायला जात होते. मी फोन केला नाही. मी गेले असते तर एव्हॉनचं काय, जाळ्याचं काय, आणि मला त्या शहराची भीती वाटते, हे तुला माहीत आहे. तू खोटं बोललीस आणि ते मला सोयीचं झालं. तू गेल्यावर सगळा राग तुझ्यावर टाकायलाही सोयीचं झालं. गावात सगळे माझी बाजू घेत होते, मी घेऊ दिली. तू पत्रात लिहीपर्यंत मला माझं लिहिता येत नव्हतं. आता लिहिलं.

माफ वगैरे केलेलं नाही. मला स्वतःलाही केलेलं नाही, तेव्हा तुझा नंबर नंतर.

अर्जावर माझं नाव परत घाल. तिथे पहिल्या दिवशी डार्लीनला आणि टेसाला कुठेतरी बाहेर पाठव. मी बोलेन आणि तू ऐकायचंस. मध्ये बोलायचं नाहीस. तुला जन्मात जमलेलं नाही, पण जमव. त्यानंतर ते पिशव्यांचं मशीन मी शिकेन. नर्सला सांग, टाकी आणलीय, झाकणाची आहे, आणि पाणी मी रोज भरेन. तिने अजून हो म्हटलेलं नाही, हे मला माहीत आहे. नाही म्हणाली तर मी तिच्यासमोर बसून राहीन. एव्हॉन म्हणतो, माझ्यासमोर फार वेळ कुणाला बसवत नाही.

पुढच्या बुधवारच्या विमानाने येते. तुझा मशीनचा वार आहे, म्हणून विमानतळावर येऊ नकोस. मी सरळ तिथेच येते. कितव्या खुर्चीत असतेस, तेवढं डार्लीनला सांगून ठेव.

नास्तासिया